चार तासांची जागा द्या

मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मध्य रेल्वे, भुसावळ विभाग



विदर्भ एक्स्प्रेससारख्या मुंबईहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्या जळगावला मध्यरात्र उलटल्यावर पोचतात. त्यातून सायकल घेऊन उतरणाऱ्याला हटकून विचारलं जातं, “दिवसाच्या गाडीने का नाही आलात?” विचारणाऱ्याने मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना, जळगावच्या रस्त्यावर दुपारी पॅडल मारून बघावं. खान्देशात सायकल काढायची ती तांबडं फुटताना. पाहूर-फर्दापूरवरून अजिंठा साधारण ६० किलोमीटर, एरंडोल-पारोळ्यावरून धुळं ९० च्या आसपास. ऊन तापायच्या आत निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडायला हवा, म्हणून रात्री उतरणंच सोयीचं. अंधारात ट्रकांच्या रांगेतून हायवेला लागणं मात्र कुणी शहाणा करणार नाही. तेव्हा प्रश्न मधल्या चार तासांचा आहे.

लॉजवाला झोपेतून उठलाच तर भाडं पूर्ण दिवसाचं सांगतो आणि सायकल वर नेऊ देत नाही. “खाली लावा, काही होत नाही!” ज्याची सायकल खाली असते त्याला झोप लागत नाही, हे त्याला कोण सांगणार? खेड्यात ही अडचण येत नाही, हे विशेष. मुक्ताईच्या वारकऱ्यांची सोय करणाऱ्या या मुलखात देवळाचा सभामंडप सायकलवाल्यालाही मिळतो, वर भाकरीची चौकशी होते. अडतं ते शहरात, स्टेशनच्या दारात.

तुमच्याकडे रिटायरिंग रूमची पद्धत आहे, तिकिटाच्या पीएनआरवर ती मिळते. तिला सायकलीची जोड द्या, एवढंच मागणं आहे. लगेज म्हणून बुक केलेली सायकल ब्रेकव्हॅनमधून त्याच गाडीने येते. जळगावचा थांबा दोन-तीन मिनिटांचा, त्यामुळे ती उतरवायला माणूस हजर हवा. उतरल्यावर रात्रभर पार्सल ऑफिसात राहू द्या आणि पहाटे पाचला हुज्जत न घालता ताब्यात द्या. ज्यांना खोली नको, त्यांच्यासाठी वेटिंग रूमजवळ, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, साखळी अडकवता येईल असा लोखंडी दांडा बसवा. त्याला निविदा काढण्याइतकाही खर्च येणार नाही.

धुळ्याला जाणाऱ्याचे हाल निराळे. रात्री उशिरा चाळीसगावला उतरलं, की शाखामार्गावरच्या सकाळच्या गाडीपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. म्हणून तीच सोय चाळीसगावलाही हवी. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. नव्या स्थानकांचे आराखडे कागदावर आहेत, तोवरच सायकलीची जागा आखून घेता येईल.

अजिंठ्याला जवळचं मोठं स्टेशन म्हणून जळगावचं नाव जगभरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. सुरुवात तिथून करा, येत्या हिवाळ्याच्या आत.

आपला,
खान्देशात सायकलीवर फिरणारा एक प्रवासी