अंगणातला अशोक

बंगल्याच्या कुंपणालगत अशोकाची सहा झाडे एका रांगेत उभी होती. २५ वर्षांपूर्वी घर बांधले, तेव्हा आजोबांनी ती मुद्दाम लावून घेतली. अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्षाचे स्थान. तो आपल्या दारी असावा, एवढीच त्यामागची भावना. सकाळी भक्तामर म्हणताना २८वा श्लोक आला की आजींची नजर आपसूक खिडकीबाहेर, त्या उंच आणि सरळसोट झाडांकडे वळे. सणासुदीला दारावरचे तोरणही त्यांच्याच पानांचे असे.

घराचा पिढीजात व्यापार काष्ठौषधींचा. हिरडा, बेहडा, शतावरी, अश्वगंधा यांच्या पोत्यांच्या ओळीत अशोकाच्या सालीचेही एक पोते कायमचे असे.

फाल्गुनात दोन झाडांचे शेंडे विजेच्या तारांना टेकू लागले, म्हणून छाटणी करावी लागली. हिरव्या झाडावर कोयता चालवणे आजोबांच्या जिवावर आले होते. पण इलाज नव्हता. काम संपल्यावर छाटणाऱ्याने मजुरी कमी घेण्याची तयारी दाखवली. अट एकच, फांद्या त्याला न्यायच्या होत्या. ‘‘साल सोलून वाळवली की घेणारे आहेत, शेठ. अशोकाची साल म्हणून जाते.’’

वनस्पतिशास्त्र शिकणारी नात ओसरीवर उभी होती. ती म्हणाली, ‘‘आजोबा, पण हा अशोक नाहीच.’’

ज्याला आज शहरोशहरी अशोक म्हणतात, तो आसोपालव. कुणी त्याला खोटा अशोक म्हणते, कुणी हिरवा अशोक. हे झाड सीताफळाच्या कुळातले, मूळचे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले. पाने साधी, लांबट, टोकदार आणि कडांना लाटांसारखी मुरड असलेली. फुले फिकट हिरवी, पानांत लपणारी. कित्येक घरांत ती कुणी पाहिलेलीही नसतात. फळे जांभळट काळी, वटवाघळांच्या आवडीची. झटपट वाढते, जागा थोडी लागते, धूळ आणि गोंगाट अडवते, म्हणून शाळा, बंगले, कचेऱ्या यांच्या कुंपणाशी त्याच्या रांगा लागल्या. नाव मात्र दुसऱ्याचे चिकटले.

ज्याचे ते नाव, तो सीताअशोक, शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातला. त्याचे पान संयुक्त असते; एका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि मऊ, खाली लोंबणारी, म्हणून संस्कृतात त्याला ताम्रपल्लव म्हटले. वसंतात जुन्या फांद्यांवरच फुलांचे दाट गुच्छ येतात. आधी पिवळे-केशरी, मग लाल होत जाणारे, सुगंधी. गंमत अशी की या फुलांना पाकळ्या नसतातच. रंग दिसतो तो निदलांचा, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. कल्पसूत्रात भगवान महावीरांनी ज्ञातृखंड उद्यानात ज्या वृक्षाखाली दीक्षा घेतल्याचे वर्णन आहे, तो अशोक. मल्लिनाथ भगवंतांचा केवलज्ञानवृक्षही अशोकच. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, ओढ्यांच्या ओलाव्याला तो आजही आढळतो. पण सालीसाठी झालेल्या तोडीने इतका विरळ झाला आहे की संकटग्रस्त वनस्पतींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे.

आजींना एवढे ऐकून वाईट वाटले ते खिडकीतल्या झाडांसाठी. आजोबांचे मन मात्र अंगणात नव्हतेच. ते गोदामात गेले होते.

अशोकाची साल मुख्यतः स्त्रियांच्या विकारांवर, विशेषतः अतिरिक्त रक्तस्रावावर, वैद्य योजतात. अशोकारिष्ट तिच्यापासूनच होते. खरी साल दुर्मीळ आणि मागणी मोठी, तेव्हा तिच्यात आसोपालवाच्या सालीची भेसळ होते, ही आयुर्वेदाच्या औषधीबाजारातली जुनी आणि माहीत असलेली गोष्ट आहे. आजोबांनाही ती ऐकून ठाऊक होती. पण भेसळ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या दुकानातली, असे प्रत्येक व्यापाऱ्याला वाटते. आपल्याच कुंपणावरचा माल आपल्याच पोत्यात येऊन पडू शकतो, हे त्यांना त्या छाटणाऱ्याने दाखवले.

त्याला पूर्ण मजुरी दिली गेली. फांद्या नेऊ दिल्या नाहीत. दुपारी पोते उघडले. वाळून तुकडे झालेली साल नुसत्या नजरेने ओळखणे सोपे नसते. खरी साल आतून तांबूस तपकिरी आणि चवीला तुरट. काही तुकडे तसे होते, काही नव्हते. माल पाठवणाऱ्याला फोन केला. उत्तर आले, ‘‘शेठ, सगळे हेच विकतात. आजवर एक तक्रार आहे का?’’

तक्रार नव्हती, हे खरे होते. बाईने काढा घेतला आणि गुण आला नाही, तर ती वैद्याला दोष देते, नाहीतर नशिबाला. सालीपर्यंत कोण पोहोचते?

थोरल्या मुलाचे म्हणणे, पोते परत पाठवावे, पैसे वळते करून घ्यावेत. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात गैर नव्हते. पण परत गेलेले पोते दुसऱ्या दुकानात जाणार, हे आजोबांना दिसत होते. स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्र त्यांनी अनेकदा वाचले होते. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा माल खपवणे. हा शब्द समजावून सांगताना ते नेहमी तुपाचे उदाहरण देत.

पोते परत गेले नाही. त्यावर ‘विक्रीस नाही’ अशी चिठ्ठी लागली, आणि तपासणीचा दाखला असलेला माल मिळेपर्यंत दुकानात साल ठेवायची नाही असे ठरले. आठवड्याभरात दोन जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली.

सहा आसोपालव जिथल्या तिथे आहेत. माणसांनी नाव चुकवले, यात त्यांचा काय अपराध? त्यांच्याच सावलीत, ओल टिकेल अशा जागी, रोपवाटिकेतून आणलेले सीताअशोकाचे हातभर रोप लावले आहे. फुले यायला काही वर्षे लागतील. परवा आजी पाणी घालताना एकदम थबकल्या. नवी पाने तांबूस होऊन मान टाकल्यासारखी लोंबत होती. रोप जळाले की काय, म्हणून त्यांनी नातीला हाक मारली. नात हसत म्हणाली, ‘‘आजी, याची पालवी अशीच असते.’’