आज्यांवाचून वंशवृक्ष

गेल्या मे महिन्यात आमच्या गिरीजच्या घरात एक झाड आले. चुलतभावाने दोन वर्षे खपून आमच्या घराण्याचा वंशवृक्ष तयार केला, त्याला काचेची चौकट करवली आणि सारे कुटुंब जमले असताना तो ओटीवरच्या भिंतीवर टांगला. सात पिढ्या, ६३ नावे! मुले आपापली फांदी शोधू लागली. नव्वदीला पोचलेली आत्या काठी टेकीत पुढे आली आणि म्हणाली, "माझं नाव कुठं रे?"

भाऊ ओशाळला. "आत्या, मुलींची नावं घेतली नाहीत. जागा पुरली नसती."

आत्या हसली. मला मात्र हसू आले नाही, म्हणूनच हा लेख.

भावाच्या कष्टांना मी नावे ठेवीत नाही. माझा राग आहे तो पूर्वज शोधण्याच्या आपल्या रीतीवर. आपण शोधायला निघतो ते पूर्वजांना नव्हे, तर एखाद्या मिरवण्याजोग्या पुरुषाला. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली 'महिकावतीची बखर' या उत्तर कोकणात अनेकजण उघडतात, ते बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांत आपले कूळ आहे की नाही एवढे पाहण्यासाठी! आमच्या ख्रिस्ती घरांतून याच्या दोन तऱ्हा. एकाला आपल्या अंगात पोर्तुगीज रक्त हवे असते, दुसऱ्याला धर्मांतरापूर्वीचे उच्च कूळ. १५३४ साली बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या २०५ वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. मग त्या आडनावावरून रक्त कसे ओळखणार? आमच्या आळीत एकाच आडनावाची पाच घरे आहेत आणि ती ओळखली जातात टोपणनावांनी. राहिले उच्च कूळ. ते असेलही, पण त्याने आज कोणाच्या वाडीला पाणी मिळाले?

आता गंमत पाहा. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरूंना बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्या ठेवण्याचा दंडक घालून दिला. भावाने चर्चमधल्या ज्या नोंदी उतरवून आणल्या, त्यांत बापाच्या शेजारी आईचे नाव आहे, धर्ममातेचेही आहे. नावे परक्या धर्मगुरूंनी लिहिली आणि खोडली ती आम्ही, घरच्यांनी!

हिंदू शेजाऱ्यांनी यावर मान डोलवू नये. मराठीतले जाडजूड कुलवृत्तांत चाळून पाहा. मुलाची फांदी पानेच्या पाने पसरते, मुलीची लग्नाच्या दिवशी छाटलेली असते. भाऊबीजेला ओवाळून घेऊन बहिणीच्या ताटात ओवाळणी टाकणारे आपण, वंशवृक्षावर तिला एका पानाचीही जागा देत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : "मुलगी दुसऱ्या घरची, तिची नोंद तिकडे होईल." तिकडे तरी कुठे होते? तिथे ती 'अमक्याची बायको' म्हणून कशीबशी शिरते, आणि कागद तयार होतो तेव्हा तीही ओळ गळते. माहेरच्या वहीतून गेली, सासरच्या वहीत आली नाही. मग ही बाई जन्माला आली होती याला पुरावा काय? आपण!

कोणी म्हणेल, नावात काय आहे? आमच्या घरापुरते सांगतो. आमच्या बावखलाकाठची केळीची वाडी वंशवृक्षावर आजोबांच्या नावाने मिरवते. आत्या सांगते की ती वाडी गहाण पडली होती. आजी पहाटे भाजीची टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत चालत जायची, गाडीने मुंबई गाठून भाजी विकायची आणि पदराच्या गाठीत पैसे आणायची. त्या पैशांनी वाडी सुटली. आजोबांनी कागदावर अंगठा केला, एवढेच. जी गोष्ट आमच्या पोटापाण्याच्या मुळाशी आहे, ती त्या सात पिढ्यांच्या कागदावर नाही. घरात बोलली जाणारी सामवेदी बोलीदेखील आम्हांला आज्यांच्याच मांडीवर मिळाली.

शास्त्राची साक्षही आमच्या रीतीच्या विरुद्ध आहे. मायटोकॉन्ड्रियाचा जनुकीय वारसा आपल्याला आईकडून मिळतो. तिला तो तिच्या आईकडून. कागदाने पुसलेली ओळ शरीराने जपून ठेवली आहे; पण शरीर नाव सांगत नाही. ते माणसालाच सांगावे लागते, आणि सांगणारी माणसे नव्वदीला टेकली आहेत.

वाचकहो, या दिवाळीत माहेरवाशिणी घरी येतील. फराळ आटोपला की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिला तिच्या आईचे नाव विचारा, मग आईच्या आईचे. कोणते कर्ज कोणी फेडले, कोणते मूल कोणी वाढवले, तेही विचारा. पराक्रमी पुरुष सापडला नाही तरी चालेल.

मी फुशारकी मारीत नाही. माझ्या पणजीचे नाव मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर आत्याने ते सांगितले. मी चौकट उतरवली, काच काढली, आणि पणजोबांच्या शेजारी पेन्सिलीने पणजीचे नाव लिहिले. त्याखाली आजीचे आणि तिच्या बाजूला आत्याचे. जागा पुरली.