घशातला कफ : आधी मूळ शोधा

सकाळी उठल्याबरोबर खाकरणे आणि दिवसभर घसा साफ करीत राहणे, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आमच्याकडे रोजच असतात. त्यांतील बहुतेकांनी आधीच औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणि खोकल्याची बाटली आणलेली असते. माझे स्पष्ट मत असे, की हा पैसा बहुधा वाया जातो. अँटिबायोटिक जंतूंवर चालते. धुळीवर, धुरावर किंवा आम्लपित्तावर नव्हे. कफ हा रोग नसून लक्षण आहे. तो कशामुळे होतो, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिले कारण नाक. ॲलर्जी किंवा सायनसच्या सुजेमुळे नाकातला स्राव मागून घशात उतरतो. लातूरच्या डाळ मिलमधील भुकटी, नांदेडकडील जिनिंगमधील कापसाची धूळ, मळणीयंत्राचा भुसा यांनी त्रास वाढतो. काम करताना नाका-तोंडावर मास्क लावावा.

दुसरे कारण पोट. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल घशापर्यंत येते. छातीत जळजळ नसली तरी असे घडते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे.

तिसरे कारण विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर. येथे व्यसन सुटल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पुरेसे पाणी यांनी आराम पडतो. सारखे खाकरू नये. त्याने घसा सोलवटतो. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. दुधाने कफ वाढतो, हे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. तेव्हा मुलांचे दूध तोडू नये.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बेडक्यात रक्त, सायंकाळचा ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास क्षयाची तपासणी करावी. काही अँटिबायोटिकमुळे क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी व उपचार मोफत आहेत. आवाज तीन आठवडे बसलेला असेल, गिळताना अडत असेल किंवा मानेत गाठ असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दुकानदाराने दिलेली गोळी हा तपासणीला पर्याय नव्हे.