जुने कर्ज आणि नवे घर

कर्ज हा शब्द उच्चारताना आपल्याकडे आवाज आपोआप खाली जातो. आजारपण, लग्न किंवा नोकरीतील खंड अशा एखाद्या कारणाने कुटुंब कर्जात सापडते आणि दोनचार हप्ते चुकतात. पुढे दिवस पालटतात, मुले मोठी होऊ लागतात आणि भाड्याच्या खोलीत बसून पतिपत्नी एकमेकांस विचारतात, ‘आपल्याला आता घरासाठी कोणी कर्ज देईल काय?’ वाचकहो, बहुधा देईल; मात्र त्यासाठी काही वर्षांचा बेत आखावा लागतो आणि तो नेटाने पार पाडावा लागतो.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. दोघांची मिळून दरमहा मिळकत ५०,००० रुपये, घरभाडे १२,०००. आईच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या बँकेच्या कर्जाचा हप्ता ६,००० असून तो अजून १८ महिने भरावयाचा आहे. त्यातील दोन हप्ते मागे उशिरा गेले होते. क्रेडिट कार्डावर ५०,००० थकलेले, मामांकडून हातउसने घेतलेले ४०,००० आणि बँकेत ४५,००० ची मुदत ठेव.

या कुटुंबाने प्रथम आपली पत कागदावर पाहावी. आपण कोणते कर्ज घेतले आणि त्याचे हप्ते केव्हा भरले, याची नोंद सिबिलसारख्या चार पतमाहिती कंपन्या ठेवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुण दिले जातात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो बारकाईने वाचावा. फेडलेले कर्ज चालू दाखविलेले असते, कधी दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावे चढलेले असते. मेहुण्याच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असलो, तर तेही तेथे दिसते. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तिचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे.

नंतर सर्वांत महाग कर्जास हात घालावा. कार्डाचे व्याज महिन्याला ३ टक्के धरले, तर ५०,००० वर ते १,५०० रुपये होते. त्यावर १८ टक्के कर म्हणजे आणखी २७०. हे कुटुंब दरमहा किमान रक्कम म्हणून २,५०० भरत असेल, तर मुद्दलातून कमी होतात अवघे ७३० रुपये! एकीकडे ठेवीवर वर्षाला सहासात टक्के मिळवावे आणि दुसरीकडे कार्डाला वर्षाकाठी ३६ टक्क्यांहून अधिक द्यावे, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीस पटणार नाही. म्हणून ठेव मोडावी, अडीअडचणीसाठी १५,००० बाजूस ठेवावे आणि ३०,००० कार्डावर भरावे. कार्ड कपाटात ठेवून, खर्चाला कात्री लावून दरमहा ५,००० भरल्यास उरलेले २०,००० व्याजासह पाच महिन्यांत फिटतात.

तेच ५,००० पुढील आठ महिने मामांना द्यावेत. त्यांचे देणे कोणत्याही अहवालात दिसत नाही, म्हणून ते मागे टाकण्याचा मोह होतो. परंतु ज्यांनी कागद न करता पैसे दिले, त्यांचे देणे आपण विसरलो नाही, हे त्यांना कळावयास हवे.

येथे एका मोहापासून सावध राहावे. थकलेल्या कर्जाबाबत वसुलीचा माणूस सांगतो, ‘अर्धे भरा आणि मोकळे व्हा.’ पैसे वाचतात खरे, परंतु अहवालात ते कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न येता ‘तडजोडीने मिटविले’ असे येते आणि घरकर्ज देणारी बँक नेमके तेथेच बोट ठेवते. दुसरा इलाजच नसेल तर गोष्ट निराळी; एरवी सवड मागून घ्यावी, पण पूर्ण रक्कम फेडावी आणि बँकेकडून ‘काही येणे नाही’ असा दाखला घ्यावा.

अठरा महिन्यांनी बँकेचा हप्ताही संपेल. बहुतेक घरे नेमकी येथेच चुकतात. हात मोकळा झाला म्हणून नवी दुचाकी किंवा दूरदर्शन संच हप्त्याने घरी येतो. त्याऐवजी सुटलेले ६,००० आणि आधीचे ५,००० असे ११,००० दरमहा आवर्ती ठेवीत टाकावेत. तीन वर्षांत व्याज न धरता ३,९६,००० जमतात. सिबिलच्या अहवालात हप्त्यांचा ३६ महिन्यांपर्यंतचा इतिहास दिसतो. म्हणजे अर्ज करतेवेळी ते दोन उशिरा गेलेले हप्ते बरेच जुने झालेले असतील. या काळात कार्ड वापरलेच, तर थोडे वापरावे आणि दरमहा पूर्ण बिल मुदतीत भरावे.

आता घर. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्यास रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. म्हणून तेवढी घ्यावीच असे नाही. २० लाखांच्या घरासाठी १६ लाख घेतले आणि व्याज ९ टक्के धरले, तर २० वर्षांसाठी हप्ता सुमारे १४,४०० पडतो. सोसायटीचा देखभाल खर्च व घरपट्टी मिळवूनही तो १८,००० च्या आसपास राहील. भाडे आणि जुना हप्ता मिळून हे कुटुंब आज तेवढेच देत आहे!

मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च वेगळा असतो आणि त्याचे दर राज्याराज्यांत भिन्न आहेत. महाराष्ट्रात २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास १ टक्का सवलत आहे. दिल्लीतही स्त्रियांना दर कमी पडतो. या खर्चासाठी आणखी काही महिने थांबावे लागले तरी थांबावे. तेवढ्यासाठी नवे वैयक्तिक कर्ज काढले, तर साडेचार वर्षांचे कष्ट वाया जातात. तसेच एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

आपले आकडे या कुटुंबाहून निराळे असतील, क्रम मात्र हाच ठेवावा. पहिले पाऊल अहवाल मागविण्याचे. त्यास एक पैसाही पडत नाही. तेवढे याच महिन्यात करावे आणि तो दोघांनी मिळून वाचावा.