बँक नेमकी कोणत्या देशाची?

घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला युरोपात गेलंय? मग आजचं सदर त्यांना नक्की फॉरवर्ड करा.

२००६ मध्ये ब्रिटनमध्ये 'आइससेव्ह' नावाचं ऑनलाइन बचत खातं आलं. व्याज चांगलं होतं, त्यामुळे तीन लाखांच्या आसपास लोकांनी पैसे ठेवले. (मी असते तर मीही ठेवले असते, खोटं कशाला बोलू!) बँक होती आइसलंडची, लँड्सबँकी. गंमत बघा, त्या देशाची अख्खी लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक कोसळली आणि खाती गोठली.

आता खरी मेख. आइससेव्ह ही लँड्सबँकीची 'शाखा' होती. युरोपातल्या नियमांनुसार एका देशाचा परवाना दुसऱ्या देशातही चालतो. पण अशा शाखेच्या मूळ बँकेची तब्येत तपासायची ती मायदेशाने, आणि ठेवींचा विमाही तिथलाच. तो होता सुमारे २०,८८७ युरोंचा, आणि त्या विम्याच्या तिजोरीत एवढ्या लोकांना द्यायला पैसेच नव्हते! त्याच आठवड्यात आइसलंडचीच कौपथिंग बँकही बुडाली. तिचं ब्रिटनमधलं बचत खातं मात्र तिथल्या 'उपकंपनी'कडे होतं, म्हणजे देखरेख ब्रिटनची. त्या ठेवी लगेच दुसऱ्या बँकेकडे वळवल्या गेल्या.

आइससेव्हच्या खातेदारांना शेवटी ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी पैसे दिले आणि बिल आइसलंडकडे पाठवलं. ब्रिटनने तर दहशतवादविरोधी कायदा वापरून बँकेची मालमत्ता गोठवली. आइसलंडच्या जनतेने २०१० आणि २०११ मध्ये, दोनदा मतदान करून हे ओझं घ्यायला नकार दिला. २०१३ मध्ये न्यायालयानेही आइसलंडच्या बाजूने निकाल दिला.

यातून युरोप बरंच शिकला. बँकेने जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या किमान ८ टक्के भांडवल स्वतःचं ठेवायचं, हा नियम आधीच होता. तो नंतर कडक झाला. नोव्हेंबर २०१४ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या मोठ्या बँकांवर फ्रँकफर्टची युरोपियन सेंट्रल बँक थेट नजर ठेवते. ठेव विमा १ लाख युरो झाला. मात्र सगळ्यांचा मिळून एकच विमा काही अजून झालेला नाही. तिजोरी ज्या त्या देशाची.

म्हणूनच तुमचा भाचा जर्मनीत बसून मोबाइलवर खातं उघडत असेल, तर त्या बँकेचा परवाना लिथुआनियाचाही असू शकतो. मग विमाही तिथलाच! आपल्याकडे परदेशी बँकांच्या भारतातल्या शाखांनाही आपलाच ५ लाखांचा विमा लागू होतो. तिकडे तसं असेलच असं नाही. ॲपमध्ये अगदी खाली, बारीक अक्षरांत परवान्याचा देश लिहिलेला असतो. भाच्याला आधी तेवढं वाचायला सांगा, व्याजाचं नंतर बघू.