अभ्यासदौऱ्याचा खर्च कोणाचा?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या आधारे चार वर्षांची ऑनर्स पदवी सुरू झाली. देशातील १०० पर्यटनस्थळे निवडून विद्यार्थ्यांना तेथे अभ्यासासाठी धाडावे, असेही त्याच धोरणात म्हटले आहे. विचार उत्तम, पण खर्च कोणाचा? तो पालकांवरच पडणार असेल, तर संपन्न घरचा मुलगा हंपी पाहील आणि शेतमजुराची गुणवान कन्या हंपीवर टिपणे उतरवून घेईल!

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत दप्तरे धुंडाळत राहिले, म्हणून १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रकाशात आली. ती तपश्चर्या एकाकी होती. आजच्या विद्यापीठांपाशी अर्थसंकल्प आहे. इमारतींच्या रंगरंगोटीआधी त्यात अभ्यासदौऱ्यांचा स्वतंत्र निधी दिसला पाहिजे. ज्या भूमीचा अभ्यास करायचा, तिची धूळ पायाला न लागता मिळालेला ‘ऑनर्स’ हा सन्मान कसला?