न समजणारा निकाल कुणासाठी?

कायद्याची भाषा अवघड असणारच, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. शस्त्रक्रियेच्या टिपणातला शब्द न् शब्द रुग्णाला कळावा, असा हट्ट कुणी धरत नाही. मग न्यायाधीशाकडूनच ती अपेक्षा का? शिवाय कायद्यातल्या एकेका संज्ञेचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निकालांनी पक्का केलेला असतो. ती सोपी करायला जावे तर नवा वाद उभा राहतो आणि फावते ते वकिलांचेच.

संज्ञांपुरते हे मान्य. ‘प्राङ्न्याय’ला (एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा न उकरण्याच्या तत्त्वाला) घरगुती पर्याय शोधत बसण्यात हशील नाही. पण निकाल वाचणारा संज्ञांवर क्वचितच अडतो. तो अडतो पानभर लांबलेल्या वाक्यावर, ज्यात कर्ता कुठे हरवला हे क्रियापद येईपर्यंत आठवत नाही.

2017 मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरू वादातला एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने तो रद्द करून प्रकरण परत पाठवले. कारण एकच: निकालात काय म्हटले आहे तेच कळत नव्हते. त्याच उच्च न्यायालयाचा, स्टेट बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणातला निकालही 2022 मध्ये असाच माघारी गेला. ही भाषा तज्ज्ञांसाठी असते म्हणणाऱ्यांनी आता एवढे सांगावे: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तज्ज्ञ नव्हेत, तर कोण? आपल्या सुदैवाने त्या दुसऱ्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड केवळ ताशेरे ओढून थांबले नाहीत. परिच्छेदांना क्रमांक द्या, मुद्दा, नियम, त्याचे उपयोजन आणि निष्कर्ष असा क्रम ठेवा, लांब निकालाला अनुक्रमणिका जोडा, इतके साधे मार्गदर्शन त्यांनी लिहून ठेवले.

रुग्णाचा दाखलाही लंगडाच. टिपण न वाचता रुग्ण बरा होऊ शकतो. पक्षकाराचे तसे नाही. कायद्याचे अज्ञान हा बचाव चालत नाही, आणि अपिलाची मुदतही निकाल कळला की नाही हे विचारून सुरू होत नाही. दिवाणी प्रकरणात जिल्हा न्यायालयात जायचे तर 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. त्यातून नक्कल मिळायला लागलेले दिवस तेवढे वगळायचे. मर्ढेकरांच्या कवितेला दुर्बोध म्हणून नाके मुरडणाऱ्यांना पुस्तक मिटून ठेवण्याची मुभा होती. ज्याच्या घराचा ताबा जाणार आहे, त्याला ती नसते.

राहिला अर्थ निसटण्याचा धाक. तो जुना आहे. 1733 पासून इंग्लंडच्या न्यायालयांत लॅटिनऐवजी इंग्रजी आली, तेव्हाही जाणकार हळहळले. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडिताला तो बदल पटला नव्हता. पुढे लॉर्ड वूल्फ यांच्या सुधारणांनी 1999 मध्ये वादीसाठीचा ‘प्लेंटिफ’ हा शतकानुशतकांचा शब्द काढून ‘क्लेमंट’ आणला. इंग्लंडातल्या दाव्यांची कामे त्याने अडली नाहीत.

दुर्बोध निकालांवर आपल्याकडे उत्तर ठरलेले: निकाल मराठीत द्या, प्रश्न मिटला. नाही मिटत. ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी’पर्यंत श्वास न घेणारी मराठी इंग्रजीइतकीच परकी वाटते. कोर्टाच्या आवारात कुठल्याही शेतकऱ्याला ‘मनाई हुकूम’ कळतो. कायद्याच्या परिभाषाकोशाने त्याच्या हाती ‘व्यादेश’ ठेवला. शुद्धतेच्या हौसेपायी चालता शब्द मोडीत काढण्याचा हा उद्योग मला दुर्बोध इंग्रजीपेक्षाही अधिक संतापजनक वाटतो, कारण तो आपल्याच भाषेच्या नावाने चालतो.

म्हणून मागणी एवढीच. कारणमीमांसा लागेल तेवढी खोल असू द्या, पूर्वनिकालांचे दाखले असू द्या. पण पहिल्या पानावर चार गोष्टी साध्या वाक्यांत हव्यात: कोण जिंकले, का, आता कुणी काय करायचे, आणि अपील कुठे व किती दिवसांत. तुंबलेल्या खटल्यांपुढे न्यायाधीशांना एवढा वेळ कुठून मिळणार, असे लगेच विचारले जाईल. ते एक पान लिहायला वेळ जाईल हे खरे. हिमाचलच्या त्या दोन प्रकरणांची पुन्हा सुनावणी घेण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला, आणि तो पक्षकारांचाही गेला.